बाळाची खोली शाळकरी मुलाची करताना

मूल पहिलीत गेले की त्याच्या खोलीचे काम बदलते. आतापर्यंत ती झोपण्याची आणि जमिनीवर पसारा मांडण्याची जागा होती. यापुढे तिथे दप्तर, गणवेश, वह्या, रंगपेट्या आणि दर काही महिन्यांनी बदलणाऱ्या आवडीनिवडी या सगळ्यांची सोय करावी लागते. पुण्या-मुंबईकडच्या टू बीएचके सदनिकेत ही खोली बहुधा दहा बाय दहा फुटांच्या आसपास असते आणि तिची एक भिंत कपाटाने आधीच अडवलेली असते. अशा खोलीत एक पथ्य पाळले तर पुढची काही वर्षे ती पुन्हा उचकटावी लागत नाही: जे बदलायला सुतार, रंगारी किंवा इलेक्ट्रिशियन बोलवावा लागतो ते साधे ठेवावे आणि मुलाची हौस घरच्या घरी, एका दुपारी बदलता येईल अशा वस्तूंमध्ये पुरवावी. मोटारीच्या आकाराचा पलंग सहाव्या वर्षी जीव की प्राण असतो. अकराव्या वर्षी तोच मित्रांसमोर लाज आणतो, आणि तोवर त्याचे हप्तेही फिटलेले नसतात.

पहिली पायरी: मापे घेणे

खरेदीला निघण्यापूर्वी चौकटीच्या वहीच्या पानावर एक चौकोन म्हणजे अर्धा फूट धरून खोलीचा आराखडा काढावा. त्यात दार आणि कपाटाची दारे उघडली की किती जागा घेतात, खिडकी जमिनीपासून किती उंचीवर आहे आणि सॉकेट कुठे आहेत हेही दाखवावे. मग पलंग, टेबल आणि फडताळ यांचे कागदी तुकडे त्याच मापाने कापून ते आराखड्यावर सरकवून पाहावेत. ये-जा करण्यासाठी निदान दोन फुटांची वाट मोकळी राहिली पाहिजे. लहान मापाचा पलंग आता घेऊ नये. 72 किंवा 75 इंच लांब आणि 36 इंच रुंद गादीचा साधा सिंगल पलंग थेट कॉलेजपर्यंत चालतो, शिवाय त्या मापाच्या गाद्या आणि चादरी कुठेही मिळतात.

पलंग खिडकीखाली ठेवू नये. उंचावर राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण पलंग ही मुलासाठी खिडकीवर चढण्याची आयती पायरी होते आणि सरकत्या खिडकीची डासांची जाळी मुलाचे वजन पेलत नाही. ग्रिल नसेल तर आधी ते बसवावे, मग बाकीचे पाहावे.

दोन मजली पलंगाचा मोह जागा वाचते म्हणून होतो. तो घेण्याआधी छताच्या पंख्याकडे पाहावे. पंख्याची पाती साधारण आठ फुटांवर फिरतात. वरच्या गादीचा पृष्ठभाग पाच फुटांवर आला आणि चार फूट उंचीचे मूल तिच्यावर उभे राहिले, तर त्याचे डोके नऊ फुटांवर जाते. त्यामुळे असा पलंग घ्यायचाच असेल तर तो पात्यांच्या पल्ल्याबाहेर, दूरच्या कोपऱ्यात ठेवावा किंवा पंखा भिंतीवर बसवून घ्यावा. सहा वर्षांखालील मुलाला वर झोपवू नये.

दुसरी पायरी: वायरिंग आणि ओल

रंगाच्या आधी विजेचे काम उरकावे, कारण नंतर भिंत फोडली की नव्या रंगावर ठिगळ दिसते. टेबलाजवळ दोन सॉकेट, पलंगाशी एक दिव्याचे बटण आणि मुलाच्या हाताला पोहोचेल असा, साधारण साडेतीन फुटांवरचा खोलीचा मुख्य स्विच एवढे पुरे. सॉकेट आतून झाकणी असलेले घ्यावेत आणि घराच्या मुख्य बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की प्रवाह आपोआप तोडणारा स्विच) आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून त्याच फेरीत तपासून घ्यावे.

आपल्याकडे भिंतीची खरी परीक्षा पावसाळा घेतो. बाहेरच्या किंवा बाथरूमलगतच्या भिंतीवर पापुद्रे सुटले असतील, तर त्यावर पुट्टी फिरवून रंग देणे म्हणजे पुढच्या जुलैत तेच दृश्य पुन्हा पाहणे. आधी बाहेरून भेगा बुजवाव्यात, गळती थांबवावी, भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि रंगकाम दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंतच्या कोरड्या काळात काढावे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत वॉलपेपरच्या वाट्याला मी तरी जाणार नाही. त्याच्यामागे बुरशी धरते आणि ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

तिसरी पायरी: रंग

घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, जास्त नसावे हा नियम भारतात नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधी दिलेल्या रंगात, विशेषतः दारे, खिडक्या आणि गजांवरच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ घरभर पसरते आणि शिसे लहान मुलांना सर्वाधिक अपाय करते. रंगाऱ्याला पाण्याचा पॉलिश पेपर वापरायला सांगावे, खोलीचे दार बंद ठेवावे, धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि तेवढे दिवस मुलांना व गरोदर स्त्रीला दुसरीकडे ठेवावे.

नवा रंग धुता येणारा इमल्शनच असावा, कमी वासाचा मिळाला तर अधिक चांगले. डिस्टेंपर स्वस्त पडतो, पण तेलकट हाताचा डाग पुसायला गेले की डागासोबत रंगही निघतो. तीन भिंती फिकट ठेवून एकच भिंत मुलाच्या पसंतीची करावी. पसंती विचारताना मात्र संपूर्ण शेडकार्ड हातात न देता आपल्याला चालतील अशा तीन छटा समोर ठेवाव्यात. काम संपल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवून वास पूर्ण गेल्यावरच मुलाला तिथे झोपवावे.

चौथी पायरी: टेबल आणि फडताळ

अभ्यासाचे छोटे टेबल दोन वर्षांत अपुरे पडते. त्यापेक्षा साडेतीन फूट रुंद, दोन फूट खोल आणि 29-30 इंच उंचीचे नेहमीचे टेबल करावे आणि उंची खुर्चीने साधावी. मूल बसल्यावर कोपर टेबलाच्या पातळीत यावे, इतकी खुर्ची वर घ्यावी आणि लोंबकळणाऱ्या पायांखाली लाकडी पाट ठेवावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचा दिवा डावीकडे असावा, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. डावखुऱ्यासाठी याच्या उलट.

फडताळ एक फूट खोल पुरते. शाळेची मोठ्या आकाराची पुस्तके उभी मावावीत म्हणून निदान दोन कप्प्यांची उंची तेरा इंच ठेवावी. जड वस्तू तळाला, रोजच्या वस्तू मुलाच्या खांद्याच्या उंचीपर्यंत आणि आठवड्यातून एकदा लागणाऱ्या वस्तू वर, अशी मांडणी करावी. दप्तर आणि गणवेशासाठी साडेतीन फुटांवर भक्कम खुंट्या ठोकल्या, तर ते आपोआप जागेवर जाण्याची निदान शक्यता निर्माण होते. मुले उघडलेल्या खणांवर पाय देऊन चढतात, त्यामुळे प्रत्येक उभे फर्निचर एल अँगल आणि रावळप्लगने भिंतीला पक्के करावे. हे काम सुतार जाण्याआधीच करून घ्यावे. नंतर तो फोन उचलत नाही.

पाचवी पायरी: हौस

आता मुलाची पाळी. टेबलावरच्या भिंतीवर तीन बाय चार फुटांचा सॉफ्टबोर्ड लावावा आणि त्यावर काय लागेल यात मोठ्यांनी लुडबुड करू नये. डायनोसॉर, क्रिकेटपटू, ग्रहमाला जे काही असेल ते बोर्डावर, चादरीवर, उशीच्या अभ्र्यावर आणि फार तर पडद्यावर येऊ द्यावे. पडदे धुता येतील असे सुती घ्यावेत. छतावर चिकटवण्याचे रेडियमचे तारे लावायचे असतील तर पंखा बंद असताना आणि मोठ्या माणसाने लावावेत.

खोली दोन भावंडांची असेल तर टेबल एक चालते, खण मात्र वेगळे हवेत, आणि बोर्डही दोन. जुनी खेळणी काढताना मुलाला समोर बसवून तीन ढीग करावेत: ठेवायची, द्यायची आणि माळ्यावर टाकायची. माळ्यावरच्या खोक्यावर तारीख लिहावी. वर्षभरात ते उघडले गेले नाही, तर त्यातले काय कोणाला द्यायचे हे मुलाला विचारून ठरवावे.