फ्लॅटमध्ये राहून पोटातले जिवाणू कसे सांभाळाल?

मी डोंबिवलीत आहारतज्ज्ञ आहे. साखर वाढलेलं कुणी समोर बसलं की आधी विचारते, गाव कोणतं आणि आजी काय खायची? माण-खटावकडची माणसं पटापट सांगतात : बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, रानातली घोळ. मग काल दिवसभरात काय खाल्लं ते विचारते. चहा-बिस्किट, पाव, पांढरा भात, स्टेशनबाहेरचा वडापाव. आजीच्या जेवणातला चोथा नातवाच्या ताटात उरलेलाच नसतो, आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू तर त्याच चोथ्यावर जगतात.

हा चोथा, म्हणजे तंतू, आपल्याला पचत नाही. जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना बरीचशी ऊर्जा त्यातूनच मिळते. तंतू कमी पडला की काही जिवाणू अस्तरावरचा बुळबुळीत संरक्षक थरच खायला लागतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. थायलंडहून अमेरिकेत मिनेसोटाला गेलेल्या ह्मोंग आणि कारेन लोकांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे गेल्यावर काही महिन्यांतच त्यांच्या पोटातल्या जिवाणूंचं वैविध्य घटलं होतं, आणि तिथे जन्मलेल्या पिढीत आणखी कमी होतं. आपल्याकडे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण शहरांत 16.4 टक्के आणि खेड्यांत 8.9 टक्के निघालं. हा सगळा फरक जिवाणूंमुळे पडतो असं नाही. बैठं काम, वाढलेलं वजन, अपुरी झोप हेही आहेच. पण ताट आपल्या हातात आहे, म्हणून सुरुवात तिथून करा.

एका वेळची पोळी काढून ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी आणा. कडधान्यं आलटून पालटून घ्या : मटकी, हुलगे, चवळी, वाल. रात्री नऊला घरी पोचणाऱ्यांनी सकाळी निघताना मटकी भिजत घालावी, रात्री निथळून फडक्यात बांधावी. दुसऱ्या रात्रीपर्यंत मोड येतात. भाजी घेताना गेल्या आठवड्यात न घेतलेली एक पालेभाजी पिशवीत पडू द्या : अंबाडी, चाकवत, शेवग्याचा पाला. डब्यात जवसाची किंवा कारळ्याची चटणी द्या.

हे सगळं एकदम मात्र करू नका. सवय नसताना वाटीभर उसळ खाल्ली की पोट फुगतं आणि माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा पावाकडे वळतो. दोन चमच्यांपासून सुरू करा, पाणी वाढवा, आठवड्या-आठवड्याने प्रमाण वाढवा. आयबीएसचा, म्हणजे वरचेवर पोट दुखून शौचाच्या तक्रारी होण्याचा, त्रास असेल तर कांदा, लसूण आणि कडधान्यं बाधू शकतात. किडनीच्या रुग्णांनीही आधी डॉक्टरांना विचारावं.

आता आंबील, माझा सगळ्यात लाडका पदार्थ. दोन मोठे चमचे ज्वारीचं किंवा नाचणीचं पीठ वाटीभर पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वर बारीक बुडबुडे दिसतात आणि आंबूस वास येतो. बुरशी किंवा कुजका वास आला तर सरळ फेकून द्या. दोन वाट्या पाणी उकळून त्यात हे पीठ ओता आणि गुठळ्या होऊ न देता ढवळत शिजवा. मग थांबा. पूर्ण गार झाल्यावरच ताक, ठेचलेला लसूण, जिरेपूड आणि मीठ घाला. गरम असताना ताक घातलं तर त्यातले जिवाणू मरतात. कढीचं आणि इडलीचंही तेच : चवीला उत्तम, पचायला हलकी, पण जिवंत जिवाणू हवे असतील तर घरी विरजलेल्या दह्याचं न तापवलेलं ताकच प्या. फळांच्या स्वादाच्या तयार दह्यात बहुधा साखरच भरपूर असते, ते टाळा.

अँटिबायोटिक्सबद्दल मी फार आग्रही आहे. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, तिच्यावर या गोळ्या चालत नाहीत. पोटातले उपयोगी जिवाणू मात्र त्यांनी मरतात. कपाटातली उरलेली पट्टी काढून खाऊ नका, शेजाऱ्यालाही देऊ नका. डॉक्टरांनी जिवाणूसंसर्गासाठी दिली असतील तर सांगितल्याप्रमाणे नीट घ्या.

मुलांना मातीत खेळू द्या. फिनलंडमध्ये पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती आणि झुडपं आणली, तेव्हा 28 दिवसांत मुलांच्या त्वचेवरचे आणि पोटातले जिवाणू बदलले. प्रतिकारशक्तीच्या काही खुणाही सुधारल्या. सोसायटीत बाग नसेल तर गॅलरीतल्या कुंडीत मेथी पेरायला लावा. जेवणाआधी हात धुवायचे, ते धुवायचेच.

मधुमेहाची औषधं चालू असतील तर आहार बदलताना साखर वरचेवर तपासा, कारण भाकरी-उसळीवर आल्यावर ती उतरू शकते. गोळी मात्र स्वतःच्या मनाने कमी करू नका. शौचातून रक्त गेलं किंवा कारण नसताना वजन उतरायला लागलं, तर आंबील करत बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.