नवीन मासे टाकल्यावर टँकमध्ये व्हाईट स्पॉट आला तर काय करायचं

गोव्यात हा प्रकार जास्त करून पाऊस लागल्यावर दिसतो. चतुर्थीच्या आधी घर सजवायचं म्हणून कोणीतरी म्हापशाहून नाहीतर मडगावहून चार नवीन मासे आणतो, थेट टँकमध्ये सोडतो, आणि आठवड्याभरात सगळ्यांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. मग दुकानदाराला फोन, तो म्हणतो निळं औषध टाका, आणि इथून खरी वाट लागायला सुरुवात होते.

आधी रोग ओळखा. टाचणीच्या डोक्याएवढे सुटे सुटे पांढरे दाणे आणि मासा खडीला अंग घासतोय, तर तो व्हाईट स्पॉट. टॉर्च मारल्यावर सोनेरी भुकटी दिसली तर वेल्व्हेट, तो वेगळा रोग. तोंडावर कापसासारखं काही असेल तर बहुतेक बॅक्टेरियाचं दुखणं असतं, त्यात पाणी गरम केलं तर ते आणखी भडकतं, म्हणून न बघता हीटर वाढवू नका. आणि नर गोल्डफिशच्या फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर ठिपके असतील तर तो विणीच्या हंगामात आहे, त्याला सोडा बिचाऱ्याला.

आजारी मासा उचलून बादलीत ठेवा हा सल्ला मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो आणि त्याचा तेवढाच राग येतो, कारण एका माशावर ठिपके दिसले तेव्हा रोग आख्ख्या टँकमध्ये पसरलेला असतो. औषध त्याच टँकला, सगळ्या माशांसकट. फिल्टरमधला कार्बन काढा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. खडी सायफन करा, म्हणजे नळीने तळातली घाण ओढून काढा, पाव पाणी बदला. नळाचं असेल तर त्यातलं क्लोरीन घालवून, विहिरीचं असेल तर तो प्रश्न नाही.

आता ती पायरी जिथे बहुतेकांचे मासे मरतात. मलाही सुरुवातीला हीच डोक्यात बसत नव्हती.

माशावर दिसतो तो दाणा म्हणजे कातडीखाली बसून खाणारा परजीवी, आणि तो तिथे असेपर्यंत कुठलंही औषध त्याला लागत नाही. पोट भरलं की तो गळून खाली खडीत पडतो, भोवती कवच करतो, आत फुटून फुटून त्याची शेकडो पिल्लं होतात, कवचातही औषध जात नाही. ती पिल्लं बाहेर पडून मासा शोधत पोहतात, साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात, आणि औषध मारतं ते फक्त याच वेळेत. म्हणजे तुम्ही माशाला औषध देत नाही, पाण्याला देताय. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके गायब होतात, घरात सगळे खूश, औषध बंद, आणि पाच-सहा दिवसांनी दुप्पट ठिपके, कारण ते बरे झाले नव्हते, खाली खडीत उतरले होते. ठिपके गेले की उपचार अर्धा झाला असं समजा. शेवटचा ठिपका दिसला त्यानंतर किमान एक आठवडा सगळं तसंच चालू ठेवायचं. यात तडजोड नाही, बायको म्हणो की शेजारी म्हणो.

पाणी गरम केलं की हे चक्र लवकर फिरतं, म्हणून हीटर ३० अंशांवर, पण एकदम नाही, काही तासांनी एक एक अंश करत. उन्हाळ्यात आपल्याकडे पाणी तसंही २९-३० असतं, पावसात उतरतं. गोल्डफिश असतील तर इतकं तापवू नका, २६-२७ वर थांबा आणि दिवस वाढवा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, कल्ले आधीच खराब झालेले असतात, तेव्हा एअर पंप रात्रंदिवस चालू पाहिजे. आणि पावसात करंट जातोच, तर बॅटरीवरचा पंप आधीच आणून ठेवा.

मीठ लिटरला २ ग्रॅम. ६० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरच्या टँकमध्ये खडी आणि वरची रिकामी जागा धरून पाणी साधारण ४५ लिटर, म्हणजे ९० ग्रॅम, ते तीन वाटे करून बारा-बारा तासांनी. आगरवाड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ चालतं, फक्त आधी विरघळवून गाळून घ्या, माती असते. पाणी बदललं तर जेवढं काढलं तेवढ्यापुरतंच मीठ परत घाला, वाफ होऊन कमी झालं असेल तर साधं पाणी, कारण मीठ उडून जात नाही. कोरिडोरास (तळाला फिरणारे छोटे मिशीवाले मासे) किंवा खऱ्या वनस्पती असतील तर मीठ नको.

औषध मॅलाकाइट ग्रीनवालं घ्या, बाटलीवरच्या मापाने, लोच आणि मांगूर जातीच्या माशांना अर्धं. उजेडात त्याचा असर लवकर उतरतो, लाईट बंद ठेवा. हातमोजे घाला. तांबं असलेलं औषध गोगलगायी आणि झिंगे मारतं. दुकानातलं निळं औषध, म्हणजे मेथिलीन ब्लू, मुख्य टँकमध्ये अजिबात टाकू नका, फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया मरतात, पाण्यात विषारी अमोनिया चढतो, आणि रोगातून वाचलेला मासा त्याने जातो. वर सिलिकॉनचे सांधे निळे होतात ते वेगळंच.

या दिवसांत खाणं कमी, रोज थोडं पाणी बदल.

सगळं आटोपल्यावर एक रिकामी बादली, स्पंज फिल्टर आणि वेगळी जाळी कायमची बाजूला ठेवा, पुढचे मासे त्यात चार आठवडे. पिशवीतलं दुकानाचं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही, मासा जाळीने उचलायचा. वनस्पती आणल्या तर त्याही आठवडाभर मासे नसलेल्या पाण्यात, कारण ते कवच पानालाही चिकटून येतं.