बेळगाव ते जैसलमेर, गाडी अशी जुळवली

बेळगाव-जैसलमेर सर्च केलं की डायरेक्ट गाडी एकपण येईना, आई तर म्हणाली राहू दे की, गोव्यालाच जाऊया. मग डोकं चाललं, जैसलमेरच्या जागी जोधपूर टाकलं तर बेंगळुरू-जोधपूर एक्सप्रेस आपल्या बेळगाव, मिरज, पुण्यावरूनच जाते की! पुढं जैसलमेर साधारण ३०० किमी, रात्रीची गाडी पकडली. खरी गोम म्हणजे दोन्ही तिकिटांचे पीएनआर (बुकिंग नंबर) लिंक केले, २०१९ पासून सोय आहे, पहिली गाडी लेट होऊन दुसरी चुकली तर पुढच्या तिकिटाचे पैसे परत मिळतात. तरी भरवसा नको म्हणून मध्ये बारा तास ठेवले, तेवढ्यात जोधपूरचा मेहरानगड किल्ला बघून झाला. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी तिकीट काढायला बसा. कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईचा, डबा मात्र पुण्याच्या आतच रिकामा.