कमांड लाइनवरून पॅकेज जोडताना या चुका टाळा

फेब्रुवारी उजाडला की सोलापुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची धावपळ सुरू होते, आणि त्या धावपळीतला बराच वेळ कोड लिहिण्यात नव्हे, तर ‘माझ्याकडे चालतंय, तुझ्याकडे का चालत नाही’ या वादात जातो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्यासाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर करणाऱ्या दोन-तीन जणांचे दुखणेही याहून फार वेगळे नसते. शोध घेतला तर वादाचे मूळ अनेकदा पॅकेज, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, जोडण्यासाठी टर्मिनलमध्ये (टाइप करून आज्ञा देण्याच्या खिडकीत) घाईघाईने दिलेल्या एका ओळीच्या कमांडमध्ये सापडते.

ही कमांड म्हणजे नुसते डाउनलोड, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात जावास्क्रिप्टसाठीची ‘एनपीएम इन्स्टॉल’ किंवा पीएचपीसाठीची ‘कंपोझर रिक्वायर’ यांसारखी कमांड तीन कामे करते. प्रोजेक्टच्या नोंद फाइलमध्ये ती पॅकेजचे नाव आणि चालू शकणाऱ्या व्हर्जनची मर्यादा लिहिते, लॉक फाइलमध्ये नेमके कोणते व्हर्जन ठरले ते लिहिते, आणि शेवटी फाइली डिस्कवर आणून ठेवते. सगळीच साधने ही तिन्ही कामे एका दमात करत नाहीत. रस्टमधली ‘कार्गो अ‍ॅड’ ही कमांड नोंद करून थांबते आणि फाइली पुढच्या बिल्डच्या वेळी येतात. पायथनमधले ‘पिप’ याच्या उलट फक्त फाइली आणते, नोंद करण्याची जबाबदारी तुमच्यावर सोडते. आपण वापरतो ते साधन यांपैकी काय करते आणि काय करत नाही, हे माहीत नसल्यामुळे पुढच्या बहुतेक चुका घडतात.

चुकीच्या फोल्डरमध्ये दिलेली कमांड

‘एनपीएम इन्स्टॉल’ दिल्यावर एनपीएम आधी चालू फोल्डरमध्ये ‘पॅकेज.जेसन’ (एनपीएमची नोंद फाइल) किंवा ‘नोड_मॉड्यूल्स’ (आणलेल्या पॅकेजेसचे फोल्डर) शोधते, ते नसेल तर वरच्या फोल्डरमध्ये, तेथेही नसेल तर त्याच्या वरच्या. महाविद्यालयाच्या लॅबमध्ये अनेक विद्यार्थी एकाच लॉगिनवर काम करतात, त्यामुळे युजरच्या मूळ फोल्डरमध्ये आधीच्या कोणाचे तरी ‘पॅकेज.जेसन’ पडून राहिलेले असते, आणि तुमचे पॅकेज निमूटपणे त्या फाइलमध्ये नोंदवले जाते. कमांड यशस्वी झाल्याचा संदेश येतो, प्रोग्रामही चालतो, कारण जावास्क्रिप्ट चालवणारा नोडसुद्धा मॉड्यूल शोधताना वरच्या फोल्डरांत डोकावतो. गडबड उघड होते ती प्रोजेक्ट दुसऱ्या संगणकावर नेल्यावर. ‘एनपीएम प्रीफिक्स’ ही कमांड दिली की एनपीएम कोणत्या फोल्डरला प्रोजेक्ट समजते आहे ते छापून येते. पॅकेज जोडण्यापूर्वी हे एकदा पाहून घ्यावे. कार्गो आणि मायक्रोसॉफ्टचे डॉटनेट या बाबतीत अधिक प्रामाणिक आहेत, प्रोजेक्ट सापडला नाही तर ते सरळ तसे सांगून थांबतात.

पायथनमध्ये हाच घोळ वेगळ्या रूपात भेटतो. एका संगणकावर पायथनच्या दोन-तीन आवृत्त्या असतात, ‘पिप’ एकीला जोडलेले असते आणि ‘पायथन’ ही कमांड दुसरीच आवृत्ती चालवते. मग ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ वाचल्यानंतर पुढच्याच मिनिटाला ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ पाहावे लागते. ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ असे लिहिण्याची सवय लावली तर ज्या पायथनने प्रोग्राम चालणार आहे त्याच पायथनमध्ये पॅकेज जाते. त्याहून योग्य मार्ग म्हणजे ‘पायथन -एम व्हेन्व्ह’ने प्रत्येक प्रोजेक्टसाठी स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पॅकेजेसची वेगळी जागा, तयार करणे. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ या लिनक्स आवृत्तीपासून तर सिस्टीमच्या पायथनमध्ये थेट पॅकेज टाकू पाहिले की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा नकार मिळतो. त्या संदेशातच नकार मोडून काढणारा ‘--ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस’ हा पर्याय सांगितलेला असतो आणि अनेक जण तोच उचलतात. पर्यायाचे नाव एवढे स्पष्ट असताना तो का वापरू नये, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये.

अवतरणचिन्ह विसरल्यास काय होते

जँगो या पायथन पॅकेजचे ४.२ किंवा त्यापुढचे व्हर्जन हवे, म्हणून लिनक्सवरील बॅश शेलमध्ये (कमांडचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्राममध्ये) कोणी ‘पिप इन्स्टॉल जँगो>=४.२’ असे अवतरणचिन्हांविना लिहिले, असे समजा. शेलसाठी ‘>’ या चिन्हाचा अर्थ ‘येणारा मजकूर फाइलमध्ये लिही’ असा आहे. त्यामुळे पिपपर्यंत फक्त ‘जँगो’ एवढेच पोहोचते, ते नवीनात नवीन व्हर्जन बसवते किंवा आधीचे जुने असेल तर तेच पुरेसे मानते, आणि पिपचा सगळा मजकूर ‘=४.२’ अशा विचित्र नावाच्या फाइलमध्ये जाऊन बसतो. पडद्यावर काहीच दिसत नाही. शांतपणे काम झाले असे वाटते. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये बरोबरीच्या चिन्हाने सुरू होणारी फाइल दिसली, तर तेथे हेच घडले आहे असे समजून ती फाइल उघडावी, कारण हरवलेला संदेश तिच्यातच असतो. उपाय एवढाच, की पॅकेजचे नाव आणि अट मिळून दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावी. मॅकवरील झेडएसएच शेलमध्ये चौकटी कंस असलेल्या नावांनाही हाच नियम लावावा, अन्यथा ‘नो मॅचेस फाउंड’ असे उत्तर मिळते.

नावे

पायथनमध्ये इंपोर्ट करताना लिहायचे नाव आणि पॅकेजचे नाव एकच असेल असे नाही. ‘सीव्ही२’साठी ‘ओपनसीव्ही-पायथन’ बसवावे लागते, ‘पीआयएल’साठी ‘पिलो’ आणि ‘बीएस४’साठी ‘ब्यूटिफुलसूप४’. अंदाजाने नाव टाकण्यातला धोका केवळ वेळ वाया जाण्याचा नाही. २०१७ मध्ये एनपीएमवर ‘क्रॉसएन्व्ह’ नावाचे पॅकेज सापडले. खऱ्या ‘क्रॉस-एन्व्ह’मधली केवळ जोडरेघ त्यात गाळली होती, आणि ते बसवणाऱ्याच्या संगणकावरील एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (प्रोग्रामसाठी सिस्टीममध्ये ठेवलेली मूल्ये) चोरून बाहेर पाठवत होते. पासवर्ड आणि एपीआय की बहुधा तेथेच ठेवलेल्या असतात. एनपीएमवरील पॅकेजला बसवले जात असतानाच स्वतःची स्क्रिप्ट चालवता येते, म्हणजे ‘आधी बसवून पाहू, नको वाटले तर काढू’ हा विचार येथे उशिराचा ठरतो. अलीकडे एआय सहायकाने सुचवलेली कमांड जशीच्या तशी चिकटवण्याची पद्धत पडली आहे. हे सहायक कधीकधी अस्तित्वातच नसलेली नावे सुचवतात, आणि तशी नावे हेरून त्यांवर कोणीही पॅकेज नोंदवू शकतो. ‘एनपीएम व्ह्यू’ आणि पॅकेजचे नाव एवढे टाकले तरी ते कोण सांभाळते आणि त्याचे मुख्य वेबपान कोणते हे दिसते, त्यामुळे अनोळखी नाव बसवण्यापूर्वी ही अर्ध्या मिनिटाची तपासणी टाळू नये.

लॉक फाइलकडे दुर्लक्ष

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक ही आहे. एनपीएम पॅकेज जोडते तेव्हा ‘पॅकेज.जेसन’मध्ये व्हर्जनच्या आधी ‘^’ हे चिन्ह घालते. ‘^१.४.२’ याचा अर्थ १.४.२ किंवा त्यापुढचे, पण २.०.० च्या अलीकडचे कोणतेही व्हर्जन चालेल. (पहिला आकडा शून्य असेल तर हीच सूट आक्रसते: ‘^०.४.२’ म्हणजे केवळ ०.४ या मालिकेतील पुढची व्हर्जन.) लॉक फाइल नसेल, तर जानेवारीत प्रोजेक्ट उभा करणाऱ्याला एक व्हर्जन मिळते आणि मार्चमध्ये तोच प्रोजेक्ट उतरवून घेणाऱ्याला दुसरे, आणि दोघांची ‘पॅकेज.जेसन’ मात्र अक्षरशः सारखी असते. रंगवलेल्या सुताचा व्यवहार पाहिलेल्या सोलापूरकराला हे लगेच समजावे: शेडचे नाव तेच असले तरी लॉट बदलला की चादरीत पट्टा उठून दिसतो, म्हणून पावतीवर शेडबरोबर लॉट नंबरही लागतो. लॉक फाइल हा तो लॉट नंबर आहे.

एनपीएमची ‘पॅकेज-लॉक.जेसन’ ही फाइल २०१७ मध्ये, पाचव्या आवृत्तीबरोबर आली. ती गिटमध्ये (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) कमिट करावी, आणि ‘नोड_मॉड्यूल्स’ मात्र ‘.गिटइग्नोर’ या वगळायच्या फाइलींच्या यादीत टाकावे. अनेक विद्यार्थी नेमके उलट करतात. दुसऱ्याचा प्रोजेक्ट उतरवून घेतल्यावर आणि सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ द्यावे; ही कमांड जुने ‘नोड_मॉड्यूल्स’ पुसून लॉक फाइलप्रमाणेच सगळे बसवते आणि दोन्ही फाइलींचा मेळ बसत नसेल तर दुरुस्ती करत न बसता अडून बसते. पीएचपीमध्ये ‘कंपोझर इन्स्टॉल’ लॉक फाइल पाळते, तर पॅकेजचे नाव न देता दिलेली ‘कंपोझर अपडेट’ अटींच्या मर्यादेत सगळीच पॅकेजेस पुढे सरकवते. बिलाची पीडीएफ तयार करणारे एक पॅकेज हवे असताना ऐन मार्चअखेरीस संपूर्ण बिलिंगचा पाया हलवायचा नसेल, तर हा फरक पाठ असावा.

बसवलेल्या पॅकेजेसची यादी देणाऱ्या ‘पिप फ्रीझ’ने तयार केलेली ‘रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’ ही लॉक फाइलची अर्धीमुर्धी बदली आहे. तिच्यात तुम्ही मागितलेली आणि त्यांच्यामागून आलेली पॅकेजेस एकत्र मिसळतात. विंडोजवर केलेल्या यादीत ‘पायविन३२’ शिरले असेल तर लिनक्स सर्व्हरवर ती यादी तेथेच अडते, कारण ते पॅकेज फक्त विंडोजसाठी आहे. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये ‘>’ वापरून ही फाइल केली तर ती यूटीएफ-१६ या वेगळ्या एन्कोडिंगमध्ये लिहिली जाते, गिट तिला बायनरी मानते आणि काय बदलले ते दाखवत नाही. नव्या प्रोजेक्टसाठी ‘पोएट्री’ किंवा ‘यूव्ही’ हे साधन घेतले तर नोंद आणि लॉक दोन्ही आपोआप होतात, म्हणून सुरुवातच तेथून करावी असे मी सुचवेन.

‘--फोर्स’चा मोह

रिअ‍ॅक्ट १९ (वेबपाने बनवण्याचे पॅकेज) असलेल्या प्रोजेक्टमध्ये रिअ‍ॅक्ट १८ साठी लिहिलेला एखादा तक्ता दाखवणारा घटक जोडू पाहिला की एनपीएम ‘ईरिझॉल्व्ह’ असे लाल अक्षरांत लिहून थांबते. त्या लांबलचक मजकुरात दोनच ओळी महत्त्वाच्या असतात. ‘फाउंड’ने सुरू होणारी ओळ तुमच्याकडे काय आहे ते सांगते, आणि ‘पिअर’ हा शब्द असलेली ओळ नवे पॅकेज काय मागते ते सांगते. आधी त्या पॅकेजचे नवे व्हर्जन तुमच्या रिअ‍ॅक्टला चालते का ते पाहावे. बरेचदा उत्तर तेथेच मिळते. ‘--लेगसी-पिअर-डेप्स’ ही तपासणीच वगळतो आणि ‘--फोर्स’ विसंगती तशीच स्वीकारतो. अगदी नाइलाज असेल तर पहिला पर्याय ‘.एनपीएमआरसी’ या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून कमिट करावा, नाहीतर सहकाऱ्याच्या संगणकावर आणि सर्व्हरवर तीच कमांड पुन्हा तशीच अडेल. ‘एनपीएम ऑडिट फिक्स --फोर्स’ हा याच घराण्यातला. सुरक्षेच्या नावाखाली तो पॅकेजचे मुख्य व्हर्जनच बदलू शकतो.

थोडक्यात सुटणाऱ्या अडचणी

पॉवरशेलमध्ये ‘एनपीएम.पीएस१ लोड करता येत नाही’ असा संदेश आला तर एनपीएममध्ये बिघाड नाही, स्क्रिप्ट चालवण्यावर विंडोजचे बंधन आहे. कमांड प्रॉम्प्टमधून काम करावे, किंवा ‘एनपीएम.सीएमडी’ असे पूर्ण नाव द्यावे. ‘ईअ‍ॅक्सेस’ ही परवानगीची तक्रार आली की ‘सुडो’ (कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे) लावू नये. सुडोने आणलेल्या फाइलींची मालकी रूट या प्रशासक खात्याकडे जाते आणि पुढची प्रत्येक कमांड सुडो मागू लागते. लॅबच्या प्रॉक्सीमागे ‘ईटाइमडाउट’ येत असेल तर प्रॉक्सीचा पत्ता एनपीएमच्या कॉन्फिगमध्ये लिहावा, पण प्रमाणपत्राची अडचण आली म्हणून ‘स्ट्रिक्ट-एसएसएल’ बंद करणे टाळावे. वीज गेल्याने इन्स्टॉल मध्येच तुटले असेल तर ‘नोड_मॉड्यूल्स’ फोल्डर काढून टाकून ‘एनपीएम सीआय’ द्यावे. अशा वेळी सोबत लॉक फाइलही पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मानू नये.

‘मायएसक्यूएलक्लायंट’सारखे पॅकेज बसवताना पानभर त्रुटी आल्या तर शेवटची ओळ वाचून उपयोग नसतो. अशा पॅकेजचा सी भाषेतील भाग तुमच्या संगणकावर कंपाइल करावा लागतो, आणि कंपायलर किंवा हेडर फाइली नसल्याची पहिली तक्रार वर कोठेतरी असते, म्हणून मजकूर वरून खाली वाचावा.

पॅकेज नको झाले तर फोल्डर हाताने पुसून चालत नाही, कारण दोन्ही नोंदी मागे राहतात आणि पुढच्या इन्स्टॉलला ते परत येते. ‘एनपीएम अनइन्स्टॉल’ द्यावे, ‘गिट डिफ’मध्ये दोन्ही फाइलींतून नाव गेल्याची खात्री करावी, आणि लॉक फाइलमध्ये ते तरीही दिसले तर ‘एनपीएम एक्स्प्लेन’ देऊन ते दुसऱ्या कोणत्या पॅकेजला हवे आहे ते पाहावे.