नाशिकच्या दोन वस्त्यांतील पर्यावरणाचा फरक विद्यार्थ्यांनी कसा तपासावा

आधी प्रश्न लहान करून घ्यावा. ‘जुने नाशिक आणि कॉलेज रोड यांत पर्यावरण कुठे चांगले?’ याचे उत्तर शाळकरी गटाला देता येणार नाही. मात्र दहीपुलाजवळची एक गल्ली आणि कॉलेज रोडचा एक आतला रस्ता यांत दुपारी सावली किती असते, हे नक्की मोजता येते.

दोन्हीकडे शंभर मीटरचा पट्टा टेपने मोजून घ्यावा व दोन गटांनी एकाच दिवशी, एकाच वेळी नोंदी कराव्यात. निघण्यापूर्वी दोन्ही तापमापी पंधरा मिनिटे शेजारी शेजारी ठेवाव्यात. त्यांच्यातच एखाद्या अंशाचा फरक असेल, तर तो हिशेबात धरावा लागतो. रस्त्यावर तापमापी छातीच्या उंचीवर, भिंतीपासून दूर आणि सावलीत धरावी.

दर दहा पावलांवर ऊन आहे, झाडाची सावली आहे की भिंतीची, हे वेगवेगळे लिहावे. ही नोंद मला सर्वांत मोलाची वाटते, कारण जुन्या वाड्यांच्या अरुंद बोळात झाडे नसूनही सावली सापडते, आणि नुसती झाडे मोजणाऱ्याच्या ती नजरेतून निसटते.

धुळीसाठी दोन्हीकडे एकाच जातीचे झाड निवडावे, पिंपळ सोयीचा. सारख्याच उंचीवरची सारख्या आकाराची पाने ओल्या पांढऱ्या कापसाने पुसून ते बोळे कागदावर शेजारी चिकटवावेत. आदल्या दोन-तीन दिवसांत पाऊस झाला असेल, तर हा प्रयोग पुढे ढकलावा.

आवाज मोबाइलवर मोजायचा तर दोन्हीकडे एकच मोबाइल वापरावा, म्हणजे ही एक नोंद दोन्हीकडे एकाच दिवशी, एकाच वेळी करता येणार नाही. निदान लागोपाठच्या दिवशी त्याच वेळी जावे. निवासी भागात दिवसा ५५ आणि व्यापारी भागात ६५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे, पण मोबाइलचा आकडा तिच्याशी ताडून कोणाला दोषी ठरवू नये.

कचऱ्याची नोंद करताना घंटागाडी येऊन गेली की यायची आहे, हे रहिवाशांना विचारून लिहावे. ती येण्याआधीची एक गल्ली आणि नंतरची दुसरी यांची तुलना अन्यायाची ठरते.

वहीत ‘दिसले’ आणि ‘वाटले’ असे दोन रकाने ठेवावेत आणि दुसरा रकाना वर्गात परतल्यावरच भरावा.