ड्रॉ डॉट आयओ: अक्षरं ऐकत नाहीत तेव्हा

ड्रॉ डॉट आयओ या आकृत्या काढायच्या प्रोग्रॅममध्ये आधी तीस चौकोन काढायचे आणि मग एकेकाला रंग देत बसायचं, ही पद्धत सोडा. रिकाम्या पानावर एकच चौकोन काढा. त्याचा भरणरंग, कडेचा रंग, फाँट आणि अक्षरांचा आकार ठरवा, आणि तो निवडलेला असतानाच कंट्रोल+शिफ्ट+डी दाबा. पुढचे चौकोन तसेच येतील. बाणांची शैली वेगळी साठते, म्हणून एक बाण सजवून तोच शॉर्टकट पुन्हा दाबा.

मराठीसाठी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या. यादीत दिसत नसतील तर 'कस्टम' निवडून गुगल फाँट्समधलं नाव टाका. तिरपी अक्षरं मात्र नकोत. या दोन्ही फाँटांत खरा तिरपा ठसा नाही, त्यामुळे सरळ अक्षरच ढकलून कलतं केलं जातं आणि वाचायला त्रास होतो.

खरी अडचण इथून पुढे. चौकोन निवडून अक्षरांचा रंग बदलला, तरी कधीकधी काही अक्षरं जुन्याच रंगात राहतात. याचं कारण असं की सजावट दोन ठिकाणी साठते. चौकोनावर एकदा क्लिक करून 'टेक्स्ट' टॅबमध्ये केलेला बदल चौकोनाच्या शैलीत जातो. दोनदा क्लिक करून आतले शब्द निवडले, तर बदल मजकुरातच एचटीएमएल (वेबपानांची सजावट सांगणाऱ्या खुणा) म्हणून रुतून बसतो. दोन्ही वेगवेगळं सांगत असतील तर आतल्याचंच चालतं. वर्डमधून किंवा वेबपानावरून चिकटवलेला मजकूर हे एचटीएमएल सोबत घेऊनच येतो.

उपाय दोन क्लिकचा आहे. चौकोन निवडा, 'टेक्स्ट' टॅबमधली 'फॉरमॅटेड टेक्स्ट'ची खूण काढा आणि पुन्हा लावा. खूण काढताच आतली सगळी सजावट झडते. मुद्दाम ठळक केलेले शब्दही साधे होतात, म्हणून सफाई आधी करा, ठळक करणं शेवटी. दुसऱ्या चौकोनाची शैली कॉपी करून इथे चिकटवा, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. त्याने फक्त चौकोनाची शैली बदलते, आतलं एचटीएमएल जागचं हलत नाही.

आकृती एसव्हीजी या चित्र-फाइलच्या प्रकारात साठवून इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये उघडायची असेल, तर 'फॉरमॅटेड टेक्स्ट' आणि 'वर्ड रॅप' या दोन्ही खुणा काढूनच ठेवा. नाहीतर मजकूर तुटका दिसतो किंवा दिसतच नाही. खुणा काढल्यावर मात्र ओळी आपोआप मोडणार नाहीत, एंटर दाबून स्वतः मोडाव्या लागतील.

रंग तीन पुरेत: फिकट भरण, त्याच छटेची गडद कड आणि काळी अक्षरं. पिवळ्यावर पांढरी अक्षरं कधीच नकोत. अक्षर आणि भरण यांच्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदातला फरक, किमान ४.५:१ हवा. 'मंजूर' हिरवा आणि 'नामंजूर' लाल, एवढ्यावर भागवू नका. हे दोन रंग अनेकांना वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून नामंजूरची कड तुटक ठेवा.

जमलेले आकार डावीकडच्या स्क्रॅचपॅडमध्ये ओढून ठेवा, पुढच्या आकृतीत तिथूनच घेता येतील.