दोन्ही वेळ ब्रश करूनही दात किडतायत? फ्लोराइड वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

सकाळ-रात्र ब्रश होतो, पेस्ट नावाजलेल्या कंपनीची आहे, गोडही फारसं खाण्यात नाही. तरी तपासणीला गेलं की एखादी नवी दाढ किडलेली निघतेच. अशा वेळी लोक ब्रश बदलतात, घासण्याचा जोर वाढवतात. आधी बघायला हवं ते हे, की पेस्टमधलं फ्लोराइड दातावर किती वेळ राहतंय.

दातांवरच्या चिकट थरातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. तिथला पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५च्या खाली उतरला की इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. नंतर लाळ ते हळूहळू भरून काढते. लाळेत थोडं जरी फ्लोराइड असलं तरी ही भरपाई लवकर होते आणि नव्याने बसलेलं खनिज ४.५च्या आसपासपर्यंत तग धरतं. दात घडत असताना फ्लोराइड पोटात गेलं की ते कायमचे मजबूत होतात, असा पूर्वी समज होता. १९८०च्या दशकापासूनच्या संशोधनाने तो मागे पडला. फ्लोराइडचं मुख्य काम दाताच्या पृष्ठभागावर चालतं, तेही रोज आणि थोड्या थोड्या मात्रेत.

ट्यूबची मागची बाजू न वाचणं

भारतात टूथपेस्टमध्ये फ्लोराइड जास्तीत जास्त १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग) चालतं. ब्रिटन आणि युरोपात १४५० पीपीएमची पेस्ट सर्रास मिळते, त्यामुळे तिकडे राहणाऱ्यांच्या हाती आधीच जरा जास्त मात्रा असते. आपल्याकडे वाया घालवायला फारसं शिल्लक नाही. ट्यूबवर पीपीएम चटकन सापडला नाही तर घटकांची यादी बघा: सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट ०.७६ टक्के किंवा सोडियम फ्लोराइड ०.२२ टक्के म्हणजे साधारण १००० पीपीएम. यादीत फ्लोराइडचं नावच नसेल तर ती पेस्ट, तिच्यात लवंग असो की कडुलिंब, तोंडाला चांगला वास देईल. किडीविरुद्ध तिच्यावर भिस्त ठेवू नका.

एक्स्पायरीची तारीखही बघा. खडूच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या पेस्टमध्ये साधं सोडियम फ्लोराइड घातलं तर ते कॅल्शियमशी बांधलं जाऊन निकामी होतं, म्हणून अशा पेस्टमध्ये मोनोफ्लोरोफॉस्फेट वापरतात. तरीही दिवस जातील तसं, आणि उष्णतेत लवकर, त्यातलं कामाला येणारं फ्लोराइड घटतं. स्वस्त मिळाल्या म्हणून वर्षभराच्या ट्यूबा भरून ठेवण्यात शहाणपणा नाही.

लहान मुलांच्या पेस्टमध्ये उलट गडबड होते. 'मुलांसाठी' लिहिलेल्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड ५०० पीपीएमच्या आसपास असतं. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१०च्या कॉक्रेन आढाव्यात ५५० पीपीएम आणि त्याखालच्या पेस्टचा प्लासिबोपेक्षा, म्हणजे फ्लोराइड नसलेल्या पेस्टपेक्षा, ठळक फायदा दिसला नव्हता. त्यापेक्षा मोठ्यांचीच १००० पीपीएमची पेस्ट कमी घ्यावी: तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. पेस्ट घरच्या मोठ्या माणसाने लावून द्यावी. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली ती लाट विसरा.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असावं. दुसरा स्रोत नसेल तर मर्यादा १.५. तिथे दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे दिसतात ते दात हिरडीत घडत असताना पोटात गेलेल्या फ्लोराइडमुळे. अशा गावात पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि मूल पेस्ट गिळत नाही ना, यावर लक्ष ठेवावं. थुंकून टाकलेल्या पेस्टला आणि रोज लिटरभर प्यायलेल्या पाण्याला एकाच मापाने मोजणारे व्हॉट्सॲप संदेश मात्र पुढे ढकलू नका.

खळाळून चूळ भरणं

सगळ्यात महागात पडणारी सवय हीच, आणि घरोघरी तीच शिकवली जाते. ब्रश झाला की तांब्याभर पाण्याने तोंड धुवायचं! दोन मिनिटं दातांवर बसवलेलं फ्लोराइड पाच सेकंदांत बेसिनमध्ये जातं. लाळेतलं फ्लोराइड त्यामुळे बरंच घटतं, हे वारंवार मोजलं गेलंय. त्यामुळे कीड किती वाढते, यावर चाचण्यांचे निष्कर्ष सारखे नाहीत. पण चूळ टाळायला खर्च शून्य, त्यामुळे सल्ला सोपा आहे.

पद्धत अशी ठेवा. जेवणानंतर तोंडात अन्न अडकलं असेल तर ब्रशच्या आधी भरपूर चुळा भरा. मग वाटाण्याएवढी पेस्ट घेऊन दोन मिनिटं ब्रश करा. फेस थुंका, पुन्हा थुंका, आणि थांबा. अगदीच राहवत नसेल तर घोटभर पाणी घेऊन तोच फेस दातांमधून फिरवून थुंका. पुढचा अर्धा तास पाणीही नको. पहिले काही दिवस तोंडात चव रेंगाळते, मग सवय होते.

रात्रीचा ब्रश चुकवू नका. झोपेत लाळ जवळजवळ आटते, आम्ल धुऊन न्यायला कोणी नसतं. ब्रशनंतर हळद-दूध, खोकल्याचं गोड सिरप किंवा मुलाच्या तोंडात दुधाची बाटली असेल तर तो ब्रश झालाच नाही असं धरा.

ब्रशनंतर लगेच माउथवॉश

रोजच्या वापराच्या फ्लोराइड माउथवॉशमध्ये साधारण २२५ पीपीएम असतं. १००० पीपीएमचा लेप २२५ने धुऊन टाकण्यात काय मिळवलं? वापरायचाच असेल तर दुपारच्या जेवणानंतर वापरा. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश वेगळा. तो हिरड्यांच्या उपचारासाठी, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरता. पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकाने तो निष्प्रभ होतो, म्हणून दोन्हींत निदान अर्ध्या तासाचं अंतर हवं. महिनोन्महिने वापरला तर दात तपकिरी पडतात. चहा पिणाऱ्यांचे लवकर.

राखुंडी, मशेरी, कोळसा

राखुंडी, मीठ, लाल मंजन, हल्लीची कोळशाची पेस्ट: यांनी दात चकाकतात ते घासले जातात म्हणून. हिरडीलगत खाच पडते, थंड लागलं की सणक जाते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. दाढदुखी तिने तात्पुरती बधिर होते, त्यामुळे सवय सुटत नाही आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका डोक्यावर राहतो. पेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला भारतात १९९२पासून बंदी आहे.

कीड कुठे लागते ते न पाहणं

जागा बघितली की कारण बऱ्याचदा कळतं. दोन दाढांच्या मधे कीड असेल तर तिथे ब्रश पोचतच नाही. फ्लॉस (फटी साफ करायचा दोरा) किंवा फटीत जाणारा छोटा ब्रश लागेल. दाढेच्या वरच्या खाचांत असेल तर मुलांच्या नव्या दाढांना सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ लेप, लावून घेण्याबद्दल विचारा. तान्ह्या मुलाचे वरचे पुढचे दात किडले आणि खालचे शाबूत, तर रात्रीच्या बाटलीकडे बोट जातं, कारण दूध ओढताना जीभ खालच्या दातांवर असते. मोठ्या माणसाचे खालचे पुढचे दात किडत असतील तर गंभीरपणे घ्या. ते सतत लाळेत भिजलेले असतात, सहसा शेवटी किडतात. तोंड कोरडं पडतंय का पाहा; ॲलर्जीच्या, नैराश्याच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लाळ कमी होते. गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांशी बोला.

यातलं काहीच जुळत नसेल तर चहा मोजा. दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा आणि सोबत बिस्किट म्हणजे सहा वेळा पीएच खाली, आणि तो सावरायला दर वेळी अर्धा ते एक तास. साखर किती चमचे यापेक्षा ती किती वेळा तोंडात जाते, हे जास्त महत्त्वाचं.

संशोधनाची बातमी वाचून घाई करणं

हायड्रॉक्सिॲपेटाइटची (इनॅमल ज्या खनिजाचं बनलेलं असतं त्याची) पेस्ट २०२३मध्ये पोलंडमधल्या १८ महिन्यांच्या चाचणीत प्रौढांमध्ये फ्लोराइडच्या पेस्टइतकी चालली. उत्साहवर्धक आहे, पण फ्लोराइडमागे अनेक दशकांच्या चाचण्या आहेत. लोकरीतल्या केराटिन या प्रथिनापासून इनॅमलसारखा थर, हे लंडनच्या किंग्ज कॉलेजचं २०२५चं काम अजून प्रयोगशाळेतलं. नवा दात उगवणाऱ्या औषधाची क्योटोतली चाचणी २०२४मध्ये सुरू झाली, ती आधी सुरक्षितता तपासण्यासाठी. त्या भरवशावर आज फिलिंग लांबवू नका.

आजच मिळणारी आणि कमी ऐकलेली गोष्ट म्हणजे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. ३८ टक्क्यांच्या द्रावणात सुमारे ४४,८०० पीपीएम फ्लोराइड असतं, ड्रिल न लावता थेंब चोळून कीड थांबवता येते. किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आईवडिलांना आधी सांगायलाच हवं. दुधाच्या मागच्या दाढांना आणि वृद्धांच्या मुळाजवळच्या किडीला ते सोयीचं आहे.

खड्डा पडल्यावरही पेस्टवर अवलंबून राहणं

हिरडीजवळ खडूसारखा पांढरा डाग दिसतोय, पृष्ठभाग अजून अखंड आहे, तर फ्लोराइडने तो थांबू शकतो. त्याला पिनने टोकरू नका. खड्डा पडला की फिलिंग लागतं. गार लागून दोन-तीन सेकंदांत थांबणारी सणक आणि गरमाने उठून मिनिटभर टिकणारा किंवा रात्री झोपेतून उठवणारा ठणका, यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात नस सुजलेली असते, तेव्हा घरात उरलेली अँटिबायोटिक घेऊन दुखणं जात नाही. दुखऱ्या दाढेजवळ ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवली तर हिरडी भाजते, दाढ तशीच राहते. सूज गालावर किंवा जबड्याखाली उतरली, तोंड उघडेना, गिळताना त्रास होऊ लागला किंवा ताप आला तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.